करवंदाचा बुधवार

काचेचं एक झाकण, बशीएवढं, काठाला टवका उडालेला.

नाहूरच्या एका तळमजल्याची खिडकी. जाळी एका कोपऱ्यातून सुटलेली.

एकशे दहा अंश सेल्सिअस.

"जेवलंस?"

हळद-मीठ लावून ठेवलेले सुरमईचे तुकडे.

खोटा सूर्य. एकदा बटण दाबलं की उगवतो, मावळायला दोनदा दाबावं लागतं.

रबराचे दोन काळे हात, कोपरापर्यंत, कुणाचेच नसलेले.

अकरा पूर्णांक चार.

सामान एवढंच. आता माणसं बोलावू.

बुधवार

श्रुतिका परब मुलुंडच्या एका संशोधन केंद्रात शाईपासून वीज करायची. म्हणजे करायचा प्रयत्न करायची. गच्चीवर असतात तसली निळी, जाड, चौकोनी सोलर पॅनेल इथे नव्हती. इथे सेंद्रिय सोलर सेल होते, आणि त्यांचा सगळा कारभार एखाद्या हलवायाच्या दुकानासारखा. बाटलीत द्रावण. त्याचा एक थेंब काचेच्या तुकड्यावर सोडायचा. काच गरगर फिरवायची. थेंब पसरून केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा होतो. मग काच हॉटप्लेटवर ठेवून शेकायची. कागदोपत्री हॉटप्लेट, बोलताना सगळे तवाच म्हणत.

शेकणं हाच सगळा खेळ. पापुद्र्यात दोन प्रकारचे रेणू असतात. एक ऊन गिळणारे, दुसरे त्या उन्हातून सुटलेली वीज पुढे नेणारे. दोघे एकमेकांना लागून शिस्तीत बसले तर वीज वाहते. पापुद्रा भसकन वाळला तर जो जिथे असेल तिथेच गोठतो. लग्नाच्या हॉलमध्ये "जेवायला चला" म्हटल्यावर वऱ्हाडी मिळेल ती खुर्ची पकडतात ना, तसं. नवऱ्याची मावशी फोटोग्राफरशेजारी, नवरी आचाऱ्याशेजारी. आणि नको तितका शेकला तर रेणू आपापले गट करतात; मुलाकडचे सगळे पंख्याखाली, मुलीकडचे सगळे आइस्क्रीमपाशी, मधली जागा रिकामी. दोन्हीकडून वीज मेली.

श्रुतिकाच्या शाईचा रंग पिकलेल्या करवंदासारखा होता, म्हणून तिचं नाव करवंद. खरं नाव दीड ओळीचं होतं आणि ते फक्त प्रबंधात बसत होतं. हे करवंद तिनं स्वतः चंबूत शिजवलं होतं. पहिल्या खेपेला चंबू फुटला, दुसऱ्या खेपेला शाई निघाली ती शेवाळ्याच्या रंगाची, आणि तिसऱ्या खेपेला जे निघालं ते बघून ती जिन्यावर जाऊन एकटीच हसत बसली होती. जगात दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं. अडचण एवढीच, की करवंद सातच्या वर जायला तयार नव्हतं. शंभर भाग ऊन दिलं की सात भाग वीज. कसंही शेकलं तरी सात. ऐंशी अंशांवर सात, दीडशेवर साडेसहा, मधे कुठेही सात.

मृणालिनी मॅडम तिच्या मार्गदर्शक. त्यांनी सोमवारी चहा ढवळता ढवळता सांगितलं होतं, "पुढच्या मंगळवारी आढावा आहे. करवंद दहाच्या वर गेलं तर राहील. नाही तर ते कपाटात बंद. तू हर्षदच्या मटेरियलवर जा, त्याला हात कमी पडतायत."

हर्षद शेजारच्या टेबलावर बसायचा. घाटकोपरचा गुजराती. त्याचं मटेरियल आरामात बारा द्यायचं, आणि त्याचा त्याला आनंद नव्हता. "ये यार तू पण," तो म्हणाला. "माझं काय, दुकानातून आणायचं, ओतायचं, बारा. कंटाळा येतो. पण दोघं मिळून कंटाळू."

"मेल्या, मी माझं करवंद सोडणार नाही."

"करवंद तुला सोडतंय."

तर बुधवार. दुपार. हर्षद जेवायला गेलेला. श्रुतिका ग्लोव्हबॉक्सपाशी उभी. ग्लोव्हबॉक्स म्हणजे काचेचं बंद कपाट, आत हवेऐवजी नायट्रोजन, कारण हवा लागली की करवंद नासतं. काचेला समोरासमोर दोन्ही बाजूंनी दोन-दोन भोकं, प्रत्येक जोडीतून आत गेलेले रबराचे दोन काळे हात. आपले हात त्या हातांत घालायचे आणि आतली कामं बाहेरून करायची. एकदा हात घातले की नाक खाजवता येत नाही. फोनही कापता येत नाही.

हे सुंदराआतेला पक्कं ठाऊक असावं, असा श्रुतिकाला संशय होता.

सुंदराआते म्हणजे वडिलांची थोरली बहीण. श्रुतिकाचे आईवडील बोरिवलीला; मुलुंडला रोज येण्या-जाण्यात जीव जायला नको म्हणून ती नाहूरला आतेकडे राहायची. आते, आतेची सून रेवती, आणि फिरतीच्या नोकरीमुळे घरात कधीच न दिसणारा आतेभाऊ. आतेला मालवणहून मुंबईत येऊन उभा जन्म झाला, पण तिच्या बोलण्याला ते कुणी कळवलं नव्हतं. त्या घराची एक रीत होती. आतेच्या हुकमाला नाव नसायचं. "पाणी आण." "दार ओढून घे." "ता सरकव." कुणी, ते ती कधी सांगायची नाही. जो ऐकेल त्यानं करायचं. एकदा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस आतेच्या "ती कोथिंबीर निवड गो" या वाक्यावर खाली बसला होता आणि जुडी निम्मी झाल्यावर भानावर आला होता.

फोन स्पीकरवर होता, काचेला टेकवलेला. श्रुतिकानं त्याला फोन आपोआप उचलायला शिकवलं होतं, कारण न उचलल्यास आते सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये फोन करायची.

"जेवलंस?"

"जेवले."

"काय जेवलंस?"

"भेंडी."

"भेंडी म्हणजे काय जेवण?"

मग आते बोलत राहिली. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा मिक्सर, नळाला आलेलं गढूळ पाणी, कुणाच्या तरी साखरपुड्यातली कोरडी बिर्याणी. मधेच घरात कुणाला काही सांगत होती, मधेच कुणावर खेकसत होती. श्रुतिका हूं हूं करत होती आणि आत काळे हात आपलं काम करत होते: थेंब, गरगर, तवा. मग आतेनं फोन ठेवला, श्रुतिकानं काच उचलली, आणि शेवटचे थर चढवून संध्याकाळी ती खोट्या सूर्याखाली, म्हणजे उन्हाची नक्कल करणाऱ्या दिव्याखाली, नेली.

अकरा पूर्णांक चार.

"सूर्य बिघडलाय," हर्षद म्हणाला.

त्यांनी सूर्य तपासला. ज्याचा आकडा कधीच बदलत नाही असा एक खात्रीचा सेल असतो, तो लावला. सूर्य ठणठणीत होता. करवंद पुन्हा लावलं. अकरा पूर्णांक चार. हर्षदनं आपली खुर्ची गोल फिरवली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. श्रुतिकानं डोक्यावर हात ठेवले आणि मग ते तिथेच विसरली.

"मॅडम," ती तशीच केबिनमध्ये गेली. "अकरा पॉइंट चार."

मृणालिनी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "किती वेळा?"

"एकदा."

"एकदा आलेला आकडा म्हणजे अफवा. मंगळवारी तोच आकडा माझ्या हातूनही निघायला हवा. आणि ते हात खाली घे, पोलिसांनी पकडल्यासारखी दिसत्येस."

बुधवार (गुरुवारी करून पाहिलेला)

तोच थेंब, तीच काच, तोच तवा, तेच एकशे दहा. एकाग्रता हवी म्हणून फोन बंद.

सात पूर्णांक एक.

संध्याकाळी सुरक्षारक्षक वर येऊन विचारून गेला, मॅडम, तुम्ही जेवलात का.

बुधवार (शुक्रवारी करून पाहिलेला)

"आठव," हर्षद म्हणाला. "सगळं आठव. काय वेगळं केलंस?"

"काहीच नाही."

"असं नसतं. माझी आजी म्हणायची, खांडवी फसली तर..."

"खांडवी मधे आणू नकोस."

"कुठला कुर्ता होता?"

"निळा."

"तो घाल."

"धुवायला टाकलाय."

"ओला घाल."

तिनं ओला घातला. भेंडी आणली. भेंडी संपवताना हर्षदनं विचारलं, बुधवारी डबा कुठल्या हातानं उघडला होतास, आणि दोघं शास्त्रज्ञ त्यावर खरोखर विचार करत बसले. एसीचा आकडा जुळवला. बाटली तीच. काचेचं पाकीटही तेच.

"आणि फोन," हर्षद म्हणाला. "आत्याचा फोन."

"फोनचा आणि रेणूंचा काय संबंध?"

"ओल्या कुर्त्याचा तरी काय आहे?"

फोन चालू ठेवला. फोन आला. पण आते मासळीबाजारात उभी होती आणि तिला बोलायला फुरसत नव्हती. "सुरमई मेली तोंडाक लागली, पण आज गावली नाय. बांगडे घेतंय. जेवलंस? बरा." फोन बंद.

सहा पूर्णांक नऊ.

हर्षदनं आकडा पाहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "बांगड्यामुळे."

श्रुतिका हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपल्याला रडायला येतंय. मग ते परत गेलं. दिवसभर असं येत-जात होतं. अकरा पूर्णांक चार हा आकडा तिनं डोळ्यांनी पाहिला होता. खोलीतून कुणीतरी चालत गेलंय, वास अजून आहे, आणि माणूस सापडत नाही, असं ते होतं.

बुधवार (शनिवारी, थोडक्यात)

सुट्टीचा दिवस. मजल्यावर दोघंच. हर्षद म्हणाला, बुधवारी तू गुणगुणत होतीस. ती म्हणाली, नव्हते. तो म्हणाला, तू नेहमी गुणगुणतेस, तुला कळत नाही. मग तिनं गुणगुणून पाहिलं, त्यानं तवा एकशे आठवर करून पाहिला, एकशे बारावर करून पाहिला, तिनं एका पायावर उभं राहून पाहिलं, कारण बुधवारी चप्पल चावत होती.

सात. सात. सात पूर्णांक दोन.

"वाढलं," हर्षद म्हणाला.

"गप रे."

रविवार, जो रविवारच होता

नाहूरच्या घरात श्रुतिका सकाळपासून पडदा बघत बसली होती. आते तिच्याभोवती दोन चकरा मारून गेली.

"काय झाला गो हिका?"

"काम बिघडलंय त्यांचं," रेवती म्हणाली. रेवती नर्स. माणूस पाहून काय दुखतंय ते सांगायची सवय होती तिला.

श्रुतिकानं सांगितलं. करवंद, अकरा, सात, मंगळवार. रेवतीला अर्धं कळलं. आतेला सगळं कळलं, असं आतेचं म्हणणं.

"म्हणजे बुधवारी झाला, मग परत होईना."

"हो."

"मग बुधवारी कसा केलंस तसा कर."

"तेच करत्येय ना, आते. सगळं तसंच केलं. फक्त तुझा फोन राहिलाय. उद्या दुपारी बुधवारसारखा फोन करशील? घाईघाईत नको. जे बोललीस ते बोल."

"माका काय पाठ असा? मी रोज वेगळा बोलतंय."

रेवतीनं तोंड फिरवून पदर तोंडाला लावला.

"मग जे काय बोलायचं ते बोल. स्वयंपाक करता करता बोलतेस तसं."

"उद्या सोमवार. मासे नाय. घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी," आते म्हणाली, जणू श्रुतिकाच्या सोलर सेलला त्यावर हरकत असू शकेल. "चलात?"

"चलात," श्रुतिका म्हणाली. तीन वर्षांचं संशोधन काळ्या वाटाण्याच्या आमटीवर येऊन टेकलं होतं, आणि तिला त्याची लाज वाटण्याऐवजी भूक लागली.

"तो तांब्या आण," आते म्हणाली. रेवती आणि श्रुतिका दोघी उठल्या.

बुधवार (सोमवारी करून पाहिलेला)

हर्षदनं मोबाइल तिपाईला लावून व्हिडिओ सुरू केला. "तुझा चेहरा नाही घेत. हात घेतोय."

"का?"

"तोंडानं तू सगळं तेच सांगतेस. हातांना विचारू."

कुर्ता निळा, आता वाळलेला. भेंडी पोटात. काळे हात आत. थेंब. गरगर. तव्यावर काच ठेवायची आणि फोन वाजायची एकच गाठ पडली.

"जेवलंस?"

"जेवले."

"काय?"

"भेंडी."

"परत?"

हर्षदनं हसू दाबायला स्वतःची मूठ चावली. आते सुरू झाली. मिक्सर, पाणी, वरच्या मजल्यावरच्या बाईंची नवी तक्रार. तिच्या मागे घावण्याचं पीठ तव्यावर पडल्याचा चर्र आवाज आला, इतका स्पष्ट की हर्षदनं नकळत श्रुतिकाच्या तव्याकडे पाहिलं. इथल्या तव्यावर काही चर्र वाजलं नव्हतं. तिथे फक्त करवंदाच्या रंगाचा एक पापुद्रा, अजून ओलसर, हळूहळू वाळत होता.

"...तर तेच्या घरात पावणे, आणि ही बाय मिक्सर लावता. मी म्हटलंय, अगो... झाकण ठेव गो तेच्यार, वाफ जाता सगळी... अगो, म्हटलंय, दुपारची येळ..."

"हूं," श्रुतिका म्हणाली.

आणि उजव्या काळ्या हातानं बाजूला पडलेलं काचेचं झाकण उचललं, नमुने ठेवायच्या ताटलीचं, काठाला टवका उडालेलं, आणि अलगद करवंदावर ठेवलं.

हर्षद उठला, काचेच्या अगदी जवळ आला, झाकणाकडे पाहिलं, श्रुतिकाच्या तोंडाकडे पाहिलं. ती आतेला हूं हूं करत होती. झाकणाला आतून बारीक धुकं चढत होतं.

"श्रुतिका."

"हूं."

"तू आत्ता काय केलंस?"

"काही नाही. आते बोलत्येय."

"हात बघ."

तिनं पाहिलं. तिचा काळा हात झाकणावर होता, घरच्या झाकणावर असतो तसा, पालथा, सैल, आपलं काम झालंय याची खात्री असलेला.

"कोण बोलता थंय?" आतेनं विचारलं. "हर्षद? जेवलंस रे?"

"जेवलो, आत्या," हर्षद म्हणाला.

फोन बंद झाल्यावर काळ्या हातानं झाकण उचलून बाजूला ठेवलं. तेही आपोआप. दोघांनी ते पाहिलं. व्हिडिओनंही पाहिलं.

मग दोघं बोलायला लागली. नुसते अर्धे शब्द.

"वाफ," श्रुतिका म्हणाली.

"द्रावणाची."

"अडकली."

"म्हणून ओला राहिला..."

"जास्त वेळ..."

"आणि सगळ्यांना..."

"खुर्च्या शोधायला वेळ मिळाला," श्रुतिका म्हणाली. हर्षदला वऱ्हाडाची गोष्ट माहीत नव्हती, तरी तो जोरजोरात मान हलवत होता.

संध्याकाळी खोट्या सूर्याखाली: अकरा पूर्णांक दोन.

आणि मग, कारण शेवटी ती दोघं शास्त्रज्ञ होती आणि ओल्या कुर्त्याची भरपाई करायची होती, त्यांनी रात्रभर बसून उरलेले नमुने केले. आते आहे, झाकण नाही: यासाठी आतेला पुन्हा फोन लावला, झाकणाबद्दल काहीतरी बोलायला लावलं, आणि हर्षदनं दुसऱ्या बाजूच्या हातमोज्यांतून श्रुतिकाचा उजवा हात आतल्या आत धरून ठेवला. हात दोनदा सुटायला बघत होता. सात. झाकण आहे, आते नाही: अकरा पूर्णांक तीन. झाकण नाही, आते नाही, भेंडी नाही: सात. झाकण आहे आणि हर्षदचा हात आहे: आठ, कारण हर्षदला राहवत नव्हतं, तो पुन्हा पुन्हा झाकण वर करून आत डोकावत होता.

"तुझी खांडवी का फसते ते कळलं," श्रुतिका म्हणाली.

मंगळवार

मृणालिनी मॅडमनी व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. घावण्याच्या चर्र आवाजाशी थांबवला. मागे घेतला. पुन्हा पाहिला.

"आत्याशिवाय आकडा येतो?"

"येतो, मॅडम. तपासलंय."

"कसं?"

हर्षदनं तक्ता पुढे केला. त्यात 'आते' हा रकाना होता आणि त्याखाली आहे, नाही, आहे, नाही. मॅडमनी तो वाचताना ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"वाफेत मुरवणं जुनं आहे," त्या म्हणाल्या. "झाकण ठेवायचं, द्रावण सावकाश उडू द्यायचं. दुसऱ्या पॉलिमरांवर लोकांनी केलंय. मी स्वतः केलंय, तुम्ही शाळेत होतात तेव्हा. करवंदावर मी हे कधी सुचवलं नाही. का नाही सुचवलं?" हा प्रश्न त्यांनी खिडकीला विचारला. "चल, बाजूला हो."

त्यांनी बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि हात काळ्या हातांत घातले. कितीतरी दिवसांनी घातले असावेत, कारण पहिला थेंब काचेच्या बाहेर पडला. दुसरा बरोबर पडला. गरगर. तवा. श्रुतिका मागे उभी होती. तिला स्वतःचे हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं, म्हणून तिनं ते कुर्त्याच्या खिशात कोंबले आणि खिशातही त्यांची चाळवाचाळव चालूच राहिली. तिकडे एक बाई तिचं करवंद शेकत होती. तिच्या करवंदाचं पुढे काय होणार, ते त्या परक्या हातांत होतं.

"आता झाकण?" मॅडमनी विचारलं.

"आता."

"आणि काढायचं कधी?"

आकडा श्रुतिकाकडे होता, तिनं काल मोजला होता. पण तोंडून निघालं ते दुसरंच. "घावणा कडेनं सुटायला लागतो तेवढा वेळ."

मॅडमनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मी नाशिकची आहे. मला सेकंदात सांग."

तिनं सेकंदात सांगितलं.

नंतरचा सगळा दिवस थर चढण्यात गेला आणि श्रुतिकानं त्यात नखं, एक पेन्सिल आणि हर्षदच्या डब्यातले सगळे ठेपले संपवले. संध्याकाळी काच खोट्या सूर्याखाली गेली. हर्षदनं बटण दाबलं. मॅडम उभ्या होत्या, बसल्या नाहीत. पडद्यावर रेघ चढत गेली, वळली, उतरली. कोपऱ्यात आकडा आला.

दहा पूर्णांक आठ.

हर्षद सूर्य मावळवायला गेला, एकदाच बटण दाबलं, सूर्य तसाच राहिला, त्याला दुसऱ्यांदा दाबायचं सुचलं नाही.

"राहील," मॅडम म्हणाल्या. बांगड्या चढवत होत्या, एक हातातच घोटाळत होती. "करवंद राहील. झाकणाची उंची बदलून पाहा, तापमान खाली आणून पाहा. माझ्या हातून आकडा तुझ्याहून अर्ध्या टक्क्यानं कमी का, तेही बघ. आणि हर्षद."

"हो, मॅडम."

"तू हिच्याकडे जा. हिला हात कमी पडतील."

हर्षदनं खुर्ची गोल फिरवली. डावीकडून, उजवीकडून, आणि मग थांबवताच येईना म्हणून तशीच. श्रुतिका जिन्यावर गेली. तिथे, तिसऱ्या चंबूच्या दिवशी बसली होती त्याच पायरीवर, ती एकटीच हसत बसली. वरून कुणीतरी उतरत होतं, त्यानं तिला वळसा घातला आणि वळणावर पोचल्यावर तोही हसायला लागला. कशाला, ते त्याला माहीत नव्हतं.

नाहूर

"म्हणजे माझ्या घावण्यांमुळे झाला," आते म्हणाली.

"झाकणामुळे, आते."

"झाकण कोणी सांगलान?"

"तू."

"मग?"

आतेनं दार उघडलं आणि समोरच्या घरात गेली. तिथून वरच्या मजल्यावर. मिक्सरवाल्या बाईंशी तिचं तीन आठवडे बोलणं नव्हतं, ते तिनं जिन्यातच मोडीत काढलं. "आमच्या श्रुतिकान सूर्यापासून वीज केल्यान," तिचा आवाज वरून येत होता. "सगळी माझ्या घावण्याच्या रीतीन. बुधवारी मी घावणे करी होतंय, फोनार, तर हिना थंयसर..." मिक्सर बंद झाला. मजल्यावर दारं उघडल्याचे आवाज आले. कुणी विचारलं, म्हणजे आता लाइट बिल येणार नाही का. आते म्हणाली, बघूया.

खाली श्रुतिका आणि रेवती पिठाची पातेली धूत उभ्या होत्या. रेवती मधेच थांबली.

"काय गं?" श्रुतिकानं विचारलं.

"नाही, बुधवारी ना..." रेवती म्हणाली. तिच्या कपाळावर आठी पडली होती. "सासूबाई बुधवारी..."

"वर चाय घेऊन येवा," जिन्यातून आवाज आला. हुकमाला नाव नव्हतं. दोघींनी पातेली टाकली, आणि समोरच्या घरातले आजोबाही आपल्या गॅसकडे वळले.

बुधवारी त्या घरात घावणे केले नव्हते. मांजर जाळीच्या सुटलेल्या कोपऱ्यातून आत आलं होतं, आणि झाकण सुरमईवर ठेवायचं होतं.